पायाला रक्त कमी पोहोचतंय: घरच्या घरी चालण्याचा व्यायाम आणि बँड, नक्की कसं करायचं?

टिळकवाडी_दुसरं_गेट
नमस्कार मंडळी. घरातल्या ६६ वर्षांच्या माणसासाठी विचारतोय. चालायला लागलं की डावी पोटरी आवळून येते, उभं राहिलं की तीन-चार मिनिटांत मोकळी होते, पुन्हा चाललं की पुन्हा तेच. एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) केलंय: डावा पाय ०.६८, उजवा ०.९२. सर्जननी सध्या ऑपरेशनची गरज नाही म्हटलंय. रक्त पातळ ठेवायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि "रोज चाला". किती चालायचं, दुखल्यावर काय करायचं, हे कुणी नीट सांगितलेलं नाही.

मनगटावरचा फिटनेस बँड घ्यावा म्हणतोय. तो काय मोजणार, कुठल्या आकड्याकडे बघायचं, आणि दुखत असताना चालत राहिलं तर पायाला इजा होते का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

हिंदवाडी_वॉकर
कुठलाही बँड घ्या की. दिवसाला १० हजार पावलांचं लक्ष्य लावा. आपल्या बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवाराला चार फेऱ्या मारल्या की होतंय.

शहापूर_फिजिओ
हिंदवाडीकर, हा सल्ला धडधाकट माणसाला ठीक आहे, या पायाला नाही. १० हजारांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून रूढ झाला. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायासाठी तो कुणी ठरवलेला नाही. असा माणूस हळूहळू, न दुखवता दिवसभर ६ हजार पावलं टाकेल आणि तीन महिन्यांनी पोटरी जिथल्या तिथेच असेल.

धागाकर्त्यांनी वर्णन केलेलं दुखणं अगदी ठरावीक आहे. रोहिणी आतून अरुंद झालेली असते. बसल्या जागी पोटरीला लागणारं रक्त त्यातून पुरतं, चालताना स्नायूची गरज कितीतरी पटीने वाढते आणि ते पुरत नाही. यावरचा व्यायाम म्हणजे 'चाला–दुखवा–थांबा–पुन्हा चाला'. वेदनेला ० ते ४ असे गुण द्यायचे: ० काही नाही, १ सुरुवात, २ मध्यम, ३ जोराची, ४ पाय उचलवत नाही. आता पद्धत.

सपाट रस्त्यावर असा वेग धरा की ३ ते ५ मिनिटांत वेदना २ च्या पुढे जाईल. पहिल्याच मिनिटाला दुखलं तर वेग जास्त झाला, आठ मिनिटं काहीच झालं नाही तर कमी पडला. १ ला थांबायचं नाही. २ आणि ३ च्या मध्ये पोचलं की थांबायचं, ४ पर्यंत ओढायचं नाही. थांबल्यावर उभं राहा किंवा कट्ट्यावर टेका, पण वेदना पूर्ण ० झाल्याशिवाय पुढचा फेरा नको. बहुतेकांना २ ते ५ मिनिटं लागतात. असे फेरे करत पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष चालणं १०-१५ मिनिटं भरलं तरी पुरे. थांबलेला वेळ त्यात धरू नका. दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवत ४५-५० पर्यंत न्या. आठवड्यातून पाच दिवस उत्तम, तीनच्या खाली नको. एका फेऱ्यात ८-१० मिनिटं चालूनही वेदना २ ला पोचेना झाली की वेग वाढवायचा किंवा थोडा चढ घ्यायचा.

फरक साधारण चार ते आठ आठवड्यांनी कळायला लागतो. किमान १२ आठवडे करायचंच, आणि पुढे सोडायचं नाही. सोडलं की कमावलेलं हळूहळू जातं.

वडगाव_हातमाग
ताई, एक शंका. दुखणं म्हणजे शरीर थांब म्हणतंय. त्यावर आणखी चालायचं म्हणजे स्नायू मरणार नाही काय? आमच्या गल्लीत सगळे हेच सांगतात, दुखलं की बसा.

शहापूर_फिजिओ
शंका बरोबर आहे, आणि बहुतेक माणसं याच भीतीने चालणं सोडतात. मग पोटरी बारीक होते आणि आधी ३०० मीटरवर दुखायचं ते १०० वर दुखायला लागतं.

थांबल्यावर मिनिटांत जाणारी वेदना म्हणजे स्नायूला त्या घडीपुरती ऑक्सिजनची ओढाताण. त्याने स्नायू मरत नाही. उलट त्याच ओढाताणीमुळे तो बदलतो: मिळालेला ऑक्सिजन काटकसरीने वापरायला शिकतो, बारीक केशवाहिन्या सुधारतात, रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चांगलं प्रसरण पावायला लागतं, चालही सुधारते. मोठा अडथळा मात्र व्यायामाने फारसा हलत नाही. म्हणून तीन महिन्यांनी एबीआय पुन्हा केलं आणि ०.६८ च आलं तर "व्यायाम फुकट गेला" असं समजू नका. दुप्पट चालता येत असेल तर व्यायाम लागू पडलेला आहे.

याची थेट तुलना झालेली आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत ३०५ रुग्णांना घरीच चालायला लावलं, वर्षभर. एका गटाने वेदना येईल अशा वेगाने चालायचं, दुसऱ्याने वेदना येणार नाही इतकं हळू, आणि तिसऱ्या गटाला चालण्याचा कार्यक्रमच नव्हता. सहा मिनिटांत कापलेलं अंतर पहिल्या गटात सरासरी ३३८ वरून ३७१ मीटर झालं. हळू चालणाऱ्यांचं ३३२ वरून ३२७ वर आलं. हळू चालणारेही आठवड्यात तेवढेच दिवस चालत होते, हे लक्षात घ्या.

पण कुणी हे करायचं नाही, तेही वाचा. रात्री झोपेत पाऊल दुखतंय आणि पलंगाखाली लोंबकळत सोडल्यावर बरं वाटतंय. बोटाला न भरणारी जखम किंवा काळेपणा आहे. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय. थोड्या श्रमाने छातीत दुखतंय. यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर. धागाकर्त्यांनीही सुरू करण्याआधी ईसीजी दाखवून हृदयाच्या डॉक्टरांकडून परवानगी घ्यावी. ज्याच्या पायाच्या रोहिण्या अरुंद, त्याच्या हृदयाच्याही असण्याचा संभव मोठा असतो.

निपाणी_मुरगूड_रोड
वरचं सगळं बरोबर. पण पहिला मुद्दा राहिला: तंबाखू. आमच्या निपाणी भागाचं पोट विडीच्या तंबाखूवर, १९८१ चं शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन त्यावरूनच झालं. त्यामुळे इथे कुणाला 'सोड' म्हणणं जड जातं, तरी म्हणायलाच पाहिजे. निकोटिनने आधीच अरुंद असलेली रोहिणी आणखी आवळते. चालायला निघण्याआधी एक विडी ओढली तर त्या फेऱ्याचा फायदा कमी झालाच म्हणून समजा. मिश्री आणि जर्दाही त्यातच. "मी ओढत नाही, नुसती दातांना लावते" म्हणणाऱ्या मावश्यांनाही हे लागू आहे.

आणि पन्नाशीच्या आतला माणूस, विडी भरपूर, पायाबरोबर हाताचीही बोटं पांढरी-निळी पडतात, असं असेल तर तो बर्जर आजार (तंबाखूमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद होण्याचा) असू शकतो. त्यात तंबाखू पूर्ण, म्हणजे एकही विडी नाही इतकी, सुटल्याशिवाय बाकी कुठलाही इलाज टिकत नाही.

खडेबाजार_गॅजेट
बँडच्या प्रश्नावर येतो. आधी बँड काय करत नाही ते बघा. तो पायातलं रक्त मोजत नाही. मनगटावरचा ऑक्सिजनचा आकडा हा मनगटाचा. तो ९८ असताना पाऊल थंडगार असू शकतंय. त्यामुळे त्या आकड्यासाठी जादा पैसे घालू नका.

हृदयाच्या ठोक्यांचं लक्ष्यही इथे कामाचं नाही. बीटा ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारी गोळी) चालू असेल तर ठोके फारसे वाढत नाहीत. सिलोस्टाझोल (याच पायदुखीवरची गोळी) चालू असेल तर बसल्या बसल्याच वाढलेले असतात. 'फॅट बर्न झोन' वगैरे जे रंग दाखवतंय ते सोडून द्या.

आता पावलं. आतला सेन्सर हाताचा झोका आणि धक्का ओळखतो. माणूस हळू चालला, हात मागे बांधले, काठी धरली, पिशवी उचलली की पावलं गळतात. या आजारात माणूस हळूच चालतो, म्हणजे जिथे मोजायची गरज जास्त तिथेच चूक जास्त. म्हणून घेतल्या दिवशी एक चाचणी करा: नेहमीच्या वेगाने तोंडाने मोजत १०० पावलं टाका, बँड किती म्हणतो बघा. ९५ ते १०५ आलं तर ठेवा. ७० आलं तर तीन उपाय:

एक, बँड दुसऱ्या हाताला, म्हणजे काठी नसलेल्या. सेटिंगमध्ये डावा-उजवा बदलायला विसरू नका.
दोन, बँड काढून मोबाइल पँटच्या पुढच्या खिशात. मांडीची हालचाल मनगटापेक्षा स्पष्ट असते, त्यामुळे फोनची मोजणी पुष्कळदा बरी येते.
तीन, बँड घोट्याच्या वर, मोज्यावरून सैल बांधायचा. हे चांगल्या पायाला करा, आजारी पायाला नको. पट्टा रुतला तर तिथे जखम व्हायची. घोट्यावर ठोके नीट येत नाहीत, पण ते आपल्याला नकोच आहेत. काही बँड घोट्यावर प्रत्येक पाऊल मोजतात, काही दोन पावलांचं एक धरतात. पुन्हा १०० ची चाचणी करून ठरवा.

अंतराचंही तसंच. बरेच बँड उंचीवरून पावलाची लांबी धरतात. ५ फूट ५ इंचाच्या माणसाला साधारण ६८ सेंटिमीटर. पण या आजारात पाऊल आखूड पडतं. टेपने २० मीटर मोजा, पाच वेळा चाला, म्हणजे १०० मीटर. समजा १८० पावलं लागली. म्हणजे पाऊल साधारण ५५.६ सेंटिमीटरचं. अॅपमध्ये पावलाची लांबी बदलायची सोय असेल तिथे हाच आकडा घाला. नाहीतर ३ हजार पावलांचे तो २ किलोमीटर दाखवणार आणि प्रत्यक्षात झालेले असणार १.६७.

उचगाव_अक्का
खिशाचं बायकांनी कसं करायचं? साडीला खिसा नाही. फोन हातात धरला तर मोजणी आणखी चुकते आणि लक्ष रस्त्यावरचं उडतं. उपाय: चेनवाली कमरेची पिशवी, पोटावर न बांधता कडेला, हाडावर. फोन आत हलायला नको, रुमाल कोंबून घट्ट बसवा. पिशवी लोंबत राहिली की एका पावलाची दोन होतात. नऊवारीच्या कनवटीला छोटा बँड पट्ट्यातून काढून खोचला तरी चालतंय, फक्त नंतर साडीबरोबर धुवायला जायला नको.

टिळकवाडी_दुसरं_गेट
भरपूर माहिती. एक विचारायचं राहिलं. मेडिकलवाल्याने गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे सुचवलेत, "रक्त वर चढतंय" म्हणून. चालताना घालू का?

मुतगा_बांध
घाला, वेरिकोजला उपयोग होतोयच की.

शहापूर_फिजिओ
थांबा, घालू नका! मुतगाकर, वेरिकोज व्हेन्स हा निळ्या शिरांचा आजार: रक्त खाली येतं, परत वर जात नाही. तिथे मोजे दाबून मदत करतात. धागाकर्त्यांचा आजार रोहिण्यांचा: रक्त खाली पोचतच नाही. त्यावर बाहेरून दाब दिला तर येतंय तेही अडतं. एबीआय ०.५ च्या खाली असेल तर घट्ट मोजे अजिबात नाहीत. ०.५ ते ०.८ मध्ये वापरायचेच झाले तर कमी दाबाचे, आणि तेही व्हॅस्क्युलर सर्जनने स्वतः लिहून दिले तरच. दुकानातून आपण होऊन नाही.

ओळखायची एक ढोबळ खूण: पाय उंच उशीवर ठेवल्यावर बरं वाटतं, संध्याकाळी सूज असते, घोट्याजवळ काळसर डाग आहेत, तर शिरांकडे बोट. पाय खाली सोडल्यावर बरं वाटतं, उंच केल्यावर पाऊल पांढरं पडतं, पोटरीवरचे केस गेलेत, नखं जाड झालीत, तर रोहिण्यांकडे. दोन्ही आजार एकत्रही असतात, म्हणून अंदाजावर इलाज नको.

तिसरा घोळ पाठीच्या कण्याचा. नस दबल्यानेही चालताना पोटऱ्या दुखतात, पण ते दुखणं नुसतं उभं राहून जात नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. उतारावर वाढतं, सायकलवर येत नाही. धागाकर्त्यांच्या बाबतीत उभं राहूनच जातंय, म्हणजे रक्तपुरवठ्याचंच.

अनगोळ_लॅब
एबीआयबद्दल थोडं, कारण घरच्या बीपी मशीनवर ते काढून बघणारे वाढलेत. घोट्याचा वरचा (सिस्टोलिक) दाब भागिले दंडाचा वरचा दाब. घोटा ९५, दंड १४०, तर ०.६८. दोन्ही दंडांपैकी जास्त असेल तो घ्यायचा, आणि त्या-त्या पावलाच्या दोन रोहिण्यांपैकी जास्त असेल तो. ०.९० किंवा खाली म्हणजे आजार, ०.९१ ते ०.९९ सीमेवर, १.०० ते १.४० ठीक. घरचं यंत्र कफमधली धडधड ओळखून आकडा काढतं, आणि आजारी पायात ती धडधडच क्षीण असते. मग ते एरर तरी देतं, नाहीतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवून खोटा दिलासा देतं. हातात धरायच्या डॉपलरनेच (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकवणारं यंत्र) करून घ्या. बेळगावात दोन मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं आहेत, तिथे सर्जरीच्या ओपीडीत चौकशी करा.

आणि जुना मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर रोहिणीच्या भिंतीत चुना साठून ती दबतच नाही. एबीआय १.४० च्या वर जातं किंवा फसवं 'नॉर्मल' येतं. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. तो दंडाच्या दाबाने भागून ०.७० किंवा खाली आलं तर आजार.

खानापूर_जांबोटी_रोड
सगळं वाचलं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर रस्त्यावर चालणं होत नाही. पाऊस, त्यात वीज नाही, रस्त्याच्या कडेला शेवाळ. मग चार महिने काय?

खडेबाजार_गॅजेट
घरातच. पडवी किंवा पॅसेज १० मीटर मिळाला तरी होतंय. दोन टोकांना खुर्च्या ठेवा, टेकायला उपयोगी. जीपीएस बंद ठेवा, छपराखाली ते भलतंच अंतर दाखवतं. बँडमध्ये 'इनडोअर वॉक' निवडा. एक अडचण येते: वळताना वेग तुटतो आणि वेदना यायला उशीर लागतो. म्हणून खुर्चीला बाहेरून वळसा घाला, थांबून गिरकी नको. गच्चीवर मात्र पावसाळ्यात चालू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना घसरून पडणं महागात जातं.

पट्ट्याखाली घाम आणि ओल राहून पुरळ उठतं, तेव्हा रोज काढून हात आणि पट्टा दोन्ही कोरडं करा.

खानापूर_जांबोटी_रोड
आणि गावच्या देवळाचा सभामंडप? तो ३० मीटर आहे, छपरासकट.

मुतगा_बांध
तिथे अनवाणी जावं लागणार. ताईंना विचारा चालेल का.

शहापूर_फिजिओ
अनवाणी नको. मधुमेह असेल तर मुळीच नको. खडा रुततो, कळत नाही, आणि रक्त कमी असलेल्या पायाची जखम भरत नाही. पुजाऱ्यांना सांगून मंडपाबाहेरची ओवरी वापरायला मिळते का बघा, किंवा मंगल कार्यालयाचा हॉल. पादत्राण पुढून रुंद, मागे पट्टा असलेलं, आत मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचं) रबर. नवं असेल तर पहिले दोन-तीन दिवस अर्धा तासच घाला. चालून आल्यावर पाय कोमट पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा, तळवा आरशात बघा. पाऊल गार पडलं म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा शेकोटी नको, भाजलेलं कळत नाही. लोकरीचे सैल मोजे घाला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला निघायचा हट्ट सोडून आठनंतर चाला, थंडीने रोहिण्या आणखी आवळतात.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) चालू असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी चालू नये. खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबून ती खायची.

कॅम्प_वाचक
मी जरा विरुद्ध बाजू मांडतो, कारण धाग्यात बँडवर विश्वास फार बसलाय असं वाटतंय. २०१८ मध्ये अमेरिकेत याच आजाराच्या २०० रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाला अंगावर लावायचं पावलं मोजणारं यंत्र आणि फोनवरून मार्गदर्शन, पहिला महिना समोरासमोर भेटी आणि पुढे फक्त फोन. नऊ महिन्यांनी सहा मिनिटांचं अंतर मोजलं, तर यंत्रवाल्यांना काही फायदा दिसला नाही. उलट २०१३ ची एक चाचणी, १९४ रुग्ण, तिथे चालायचं घरीच, पण आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसून आठवड्याचा हिशोब मांडायचा. तिथे सहा महिन्यांत अंतर ३५७ वरून ४०० मीटरच्या आसपास गेलं. म्हणजे पैसे बँडवर घालण्यापेक्षा माणसं जमवावीत.

खडेबाजार_गॅजेट
मुद्दा मान्य आहे, पण निष्कर्ष अर्धा. बँडला वेदना कळत नाही, आणि आकडा वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे हळू हळू दिवसभर फिरणं. ते केलं की २०२१ च्या हळू गटासारखंच होणार. बँड पावलांसाठी न वापरता घड्याळ म्हणून वापरा. मी सांगतो तशी मांडणी करा:

स्टॉपवॉच उघडा, 'लॅप' (टप्प्याची वेळ नोंदवायचं) बटण लागतंय. चालायला सुरुवात: स्टार्ट. वेदना १ ला आली: लॅप. २-३ ला पोचून थांबलात: लॅप. वेदना ० झाली, पुन्हा निघालात: लॅप. असं प्रत्येक फेऱ्याला. घरी आल्यावर वहीत चार रकाने: वेदना कधी सुरू झाली, कधी थांबलो, किती वेळ थांबलो, एकूण चाललो किती. पहिल्या फेऱ्याचा पहिला आकडा सगळ्यात बोलका. आधी २ मिनिटं १० सेकंद असेल, सहा आठवड्यांनी ३ मिनिटं ४० झाला तर पोटरी सुधारतेय. एका दिवसावरून ठरवू नका, ऊन, जेवण, झोप यांनी फरक पडतो. आठवड्याची सरासरी घ्या.

'ऑटो पॉज' बंद करा. तो चालू असेल तर तुम्ही थांबलात की घड्याळ थांबतं आणि विश्रांतीचा वेळ गायब होतो. 'एक तास बसून आहात' ही थरथर मात्र चालू ठेवा, ती चांगली.

मिनिटाला किती पावलं हेही बघण्यासारखं. पहिल्या आठवड्यात वेदना आणणारा वेग मिनिटाला ८० पावलं असेल तर तो लिहून ठेवा. पुढे तेवढ्याच वेगात वेदना उशिरा यायला लागली की ८५ वर जा. वेग माहीत नसेल तर माणूस नकळत हळू होतो आणि "सुधारणा झाली" असं वाटून घेतो.

कॅम्प_वाचक
अशा वापराला माझा विरोध नाही. पण आठवड्याला ती वही दुसऱ्या कुणीतरी बघितली पाहिजे.

वडगाव_हातमाग
मग ठरवू की. रविवारी सकाळी साडेआठला व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी वह्या घेऊन यायचं. ताई, तुम्ही पंधरा दिवसांतून एकदा तरी याल काय?

शहापूर_फिजिओ
महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार नक्की. येताना रिपोर्ट आणा, आणि जखम वगैरे असेल तर आधी कळवा. अशांना तिथे न बोलावता थेट दवाखान्यात पाठवू.

येळ्ळूर_राजहंसगड
रविवारचं जमलं तर एकदा आमच्या गडाकडेही या. चढ आहे, पोटरी लगेच बोलायला लागते.

शहापूर_फिजिओ
येऊ, पण आठ-दहा आठवड्यांनंतर, आणि गडाच्या पायथ्याचा रस्ताच. चढावर वेदना फार लवकर येते आणि उतरताना गुडघे भरतात, शिवाय मध्येच ४ झाली तर परत येणं अवघड. सुरुवातीला जिथून कुठल्याही क्षणी दहा पावलांत टेकायला मिळेल अशी जागा निवडा. किल्ला तलावाच्या कडेचा सपाट भाग त्यासाठी चांगला.

गुडघेदुखीमुळे चालणंच होत नसेल त्यांनी हाताने फिरवायची सायकल घ्यावी. हातांच्या व्यायामानेही चालण्याचं अंतर वाढतं, हे तपासलेलं आहे. जोडीला ओट्याला धरून टाचा उचलायच्या, १०-१५ वेळा, पोटरी भरून आली की थांबून पुन्हा. पायाची स्थिर सायकल वाईट नाही, पण ती मांडीला जास्त लागते, पोटरीला कमी.

टिळकवाडी_दुसरं_गेट
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही दोघं येतोय. शेवटचं: तीन महिन्यांनी सुधारणा मोजायची तर ती सहा मिनिटांची चाचणी घरी होईल का? आणि घरात मुलाचा जुना फोन आहे, तरी बँड घ्यावाच का?

अनगोळ_लॅब
होईल. दवाखान्यात ३० मीटरचा पट्टा वापरतात. घरी २० मीटर घेतला तरी चालेल, पण दर वेळी तोच पट्टा, त्याच चपला, तीच वेळ. दोन टोकांना विटा, दर ५ मीटरला खडूची रेघ. सहा मिनिटांत जमेल तितकं अंतर कापायचं, दुखलं तर थांबायची मुभा, घड्याळ मात्र चालूच. फेऱ्या गुणिले २० अधिक शेवटचा तुकडा. आज एकदा, सहा आठवड्यांनी, बारा आठवड्यांनी. २० मीटरची वाढ ही चांगली सुधारणा धरतात, ८-१० ची असली तरी दखल घेण्याजोगी. शेजारी एक माणूस असू द्या, आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर चाचणी तिथेच बंद.

खडेबाजार_गॅजेट
फोन असेल तर आधी तोच वापरा. त्यातलं स्टॉपवॉच आणि २० रुपयांची वही एवढ्यावर पहिला महिना काढा. फोन हातात धरून बटण दाबणं जमत नसेल, किंवा डोळ्यांना लहान अक्षरं दिसत नसतील, तेव्हा बँड घ्या. घेताना दुकानात तीन गोष्टी तपासा: बाहेरच्या बाजूला दाबायचं खरं बटण आहे का (काचेवरचा स्पर्श घामाच्या बोटाला दाद देत नाही), उन्हात आकडे वाचता येतात का, आणि लॅप किती नोंदवतो. दोन-तीन हजारांच्या वर जायची गरज नाही.

शहापूर_फिजिओ
माझ्याकडून एक जोड, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पाय अचानक पांढरा आणि गार पडला, वेदना थांबूनही जात नाही, बोटं हलेनात किंवा बधिर झाली, तर ते व्यायामाचं दुखणं नाही, रोहिणी पूर्ण बंद झाल्याची खूण आहे. मालीश नाही, शेक नाही, सकाळची वाट नाही. १०८ ला फोन करून थेट सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात. पाय वाचवायला हातात काही तासच असतात. तसंच एकच पाय अचानक सुजून पोटरी कडक आणि गरम झाली तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते, त्या दिवशी चालायचं नाही, दाखवायचं.

टिळकवाडीकर, रविवारी येताना उजव्या पायाचा रिपोर्टही आणा. ०.९२ सीमेवरचं आहे, त्याच्याकडेही लक्ष ठेवायला हवं.